‘रानचूल’ची अबोल वाचक

वीज गेली तेव्हा आकांक्षाचं लक्ष स्वतःच्या कॉम्प्युटरकडे नव्हतंच. ते शेजारच्या पडद्यावर होतं. दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नये हे तिला कळत होतं, पण तिथं तीन दगडांच्या चुलीचा फोटो होता, आणि तो फोटो तर तिनं झोपेतही ओळखला असता...

साल २००९. हिंगोलीच्या बसस्टँडसमोरचं सायबर कॅफे, पत्र्यावर श्रावणाची भुरभुर. आकांक्षा दर शनिवारी नरसीहून कॉम्प्युटरच्या क्लासला यायची आणि क्लास सुटला की इथं येऊन बसायची. तिला नाद लागला होता खाण्याच्या ब्लॉगांचा. कोल्हापूरची एक काकू रस्सा असा लिहायची की वाचतानाच नाक गळावं. अमेरिकेतली एक ताई पुरण शिजवताना रडायची आणि ते लपवायची नाही. पण आकांक्षाचा खरा जीव जडला होता ‘रानचूल’वर. तिथं कोणीतरी तांड्यावरचं खाणं लिहायचं. अंबाडी, ज्वारीच्या कण्या, तरवट्याची भाजी. आपल्या घरी शिजतं तेही लिहिण्याजोगं असतं, हे तिला तिथं कळलं. नाहीतर पाहुणे आले की तिची आई जनकाबाई अंबाडीचं पातेलं आत सरकवायची आणि आकांक्षालाही तेच बरोबर वाटायचं.

आज ती स्वतःचा ब्लॉग सुरू करणार होती. पहिलाच लेख आभाराचा. काकूचं लिहून झालं, ताईचं झालं, आणि ‘रानचूल’पाशी येऊन हात अडला. तिनं तिथं कधी एक ओळही लिहिली नव्हती. इंटरनेटवर मुलीचं नाव गेलं की गावभर होतं, असं तिचा भाऊ प्रज्ञेश सारखा बजावायचा. म्हणून ती यायची, वाचायची, गुपचूप निघून जायची.

आणि आज शेजारीच कोणीतरी ‘रानचूल’ उघडून बसलं होतं. खाली प्रश्न दिसत होता – हा ब्लॉग कायमचा काढून टाकायचा का? माऊसवर बोट टेकलेलं... आणि तेवढ्यात वीज गेली.

“गेली का माय!” शेजारचा म्हणाला. “चांगलं काम करून राहिलो होतो.”

“चांगलं?” तिच्या तोंडून निसटलं.

तो वळला. सावळा, पावसानं केस कपाळाला चिकटलेले, खिशाला छोटा स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. ‘रानचूल’ लिहिणारी एखादी वहिनी असेल, असंच तिनं आजवर धरलं होतं!

“तुमाला काय म्हाईत मी काय करून राहिलो होतो? बघत व्हत्या?”

“डोळे हायेत, दिसतं,” ती म्हणाली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तो हसला. नाव विकास, मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. अर्धवट अंधारात माणूस जरा मोकळा होतो, तसा तोही झाला.

“काहून बंद करता?” तिनं विचारलं.

“दोस्त हसतेत. म्हणतेत, पोरगं असून चूल फुकून राहिलं. त्याची तकलीफ न्हाई. पर इतके दिस लिहितो, एका माणसानं ‘बरं हाय’ म्हणलं न्हाई. काउंटरवरचा वाचकांचा आकडा दर शनिवारी एकानं वाढतो. कुनीतरी येतं, वाचतं... अन् मुक्यानंच जातं. आधी वाटायचं, आज लिहील, उद्या लिहील. आता त्याचाच जास्त राग येतो.”

आकांक्षानं नजर बंद कीबोर्डकडं वळवली.

“असंल कुनी लाजाळू.”

“असू दे की. जेवल्यावर हात धुता धुता तरी माणूस म्हणतं, चांगलं झालं व्हतं.”

“आवडतं म्हणूनच येत असंल ना!”

“तुमी लई त्याची बाजू घेऊन राहिल्या.”

“बाजू न्हाई... पर तुमचं बी चुकतंच की. म्हणे अंबाडीत मूठभर कण्या! कुनाची मूठ? मायनं पातेलं बघून इचारलं, ही भाजी हाय का पेज –”

ती थांबली. पण आता थांबून काय उपयोग?

“तुमी... माझी अंबाडी केली?” विकासचा आवाज एकदम खाली आला. “मूठ दाखवा बरं.”

तिनं मूठ पुढं केली. त्यानं आपली मूठ तिच्याशेजारी धरली, हात लागू न देता, मध्ये बोटभर जागा ठेवून. त्याच्या एका मुठीत तिच्या दोन सहज मावल्या असत्या. दोघंही हसले, आणि मग दोघांचंही हसू एकदम थांबलं. ती बोटभर जागा फार जाणवायला लागली.

“वाटीनं लिहावं माणसानं,” ती पुटपुटली.

“मायनं मुठीनंच शिकवलं. आमच्यात वाटीनं कोन मोजतं? ...म्हंजे शनिवारचं ते मुकं माणूस –”

“मीच.”

तिला स्वतःची लाज वाटली. या माणसानं इतके दिवस तिला शहाणं केलं, आणि तिनं साधं ‘चांगलं झालं’ म्हणायचीही कंजुषी केली होती.

वीज आली. कॉम्प्युटर कुरकुरत सुरू झाले. विकासनं ब्लॉग पुन्हा उघडला आणि तिच्याकडं बघितलं. “काय करू?”

“सरका,” ती म्हणाली आणि त्याच्या खुर्चीत बसून लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला लागली.

‘तुमच्यामुळं मी आमच्या घरची अंबाडी झाकायची सोडली. पाहुण्यांना वाढली. आई आधी रागावली. पाहुण्यांनी परत मागितली तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. मी आता ब्लॉग लिहिणार आहे तोही तुमच्यामुळं. तुम्ही बंद केलंत तर मी कुणाकडं बघून लिहू?’

नावाच्या चौकटीपाशी तिची बोटं थबकली. प्रज्ञेशचा चेहरा डोळ्यांपुढं आला, गावातल्या बायका आल्या. मग तिनं एकेक अक्षर दाबत लिहिलं – आकांक्षा अमृतराव खिल्लारे, नरसी.

विकासनं ते सावकाश वाचलं. नावापाशी येऊन पुन्हा वरपासून वाचलं.

“आता कसा बंद करू? जेवणारं माणूस सापडलं,” तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत खट्याळपणा आला. “पर एक गोष्ट खोटी लिहिली तुमी. म्हणे ‘कुणाकडं बघून लिहू’. आजवर तुमी मला बघितलं कुठं व्हतं?”

आकांक्षानं ओढणी सावरली, खुर्चीवरून उठली आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“आता बघितलं ना... म्हणून तर पूर्ण नाव लिहिलं.”