गोटहिल्फचा दुसरा प्लेटिओसॉरस

माझ्याकडे एकशे बारा प्लेटिओसॉरस आहेत. लांब मानेचा, दोन पायांवर चालणारा हा फार जुना शाकाहारी डायनोसॉर. त्याचे सांगाडे आमच्या ट्रॉसिंगनच्या खाणीत सापडले, त्यामुळे गावात तो घरचाच. मी त्याची खेळणी जमवतो, व्हर्नियरने मोजतो आणि संकेतस्थळावर परीक्षण लिहितो. उणं काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

गोटहिल्फ माझा चाळीस वर्षांचा मित्र. हार्मोनिकाच्या कारखान्यात आमची बाकं शेजारी होती. निवृत्त झाल्यावर त्याने तारेवर माती चढवून, भाजून एक प्लेटिओसॉरस घडवला आणि मला दिला. सुंदर होता. मी लिहिलं, ‘हातांचे तळवे जमिनीकडे वळलेत. या प्राण्याला ते तसे वळवताच येत नसत. पाचपैकी दोन गुण.’ त्यानंतर तो माझ्याकडे फिरकला नाही. मीही गेलो नाही. दोन वर्षांनी, मार्चमध्ये तो वारला.

दफनानंतर आठवड्याभराने त्याची बायको इर्मट्राउट तशीच तारेवर मातीची दुसरी आकृती घेऊन आली. ती दोन वर्षं त्याने या आकृतीतच घालवली होती.

“परीक्षण लिही,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत वाट बघत होता.”

मी ती फळीवर ठेवून न्याहाळली. तळवे आता अचूक होते. पण खोड जाते कुठे? नाकपुडी जरा मागे आहे, असं मी लिहिलं. सकाळी नाकपुडी पुढे आली होती आणि फळीखाली चिमूटभर करडी भुकटी पडली होती. मी आदल्या दिवशी काढलेला फोटो पाहिला. फोटोत ती मागेच होती.

मग मी लिहिलं, शेपूट जाड आहे. दुसऱ्या दिवशी ती दोन मिलिमीटर बारीक भरली. गोटहिल्फ काम करताना चघळायचा, त्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा खोलीत वास होता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला त्याची सोबत होत होती, हे कबूल करतो. चौथ्या दिवशी खरे दोष संपले, तेव्हा मी खोटे लिहू लागलो. तेही तो मुकाट्याने सुधारत गेला. आकृती दिवसेंदिवस रोडावत होती.

अकराव्या दिवशी मी इर्मट्राउटला सगळं सांगितलं. ती चुलीवरची मसूर ढवळत राहिली. मी म्हणालो, आज लिहून टाकतो, याच्यासारखं काम कोणाचंच नाही, पहिलंही सुंदरच होतं.

तिने डाव खाली ठेवला.

“नको. नुसता गप्प बस. आपल्याकडे तोंडभरून स्तुती कधी करतात, विसरलास? माणूस मेल्यावर. नाहीतर काम पार वाया गेल्यावर, समजूत घालायला. चांगलं झालं की आपण काही बोलत नाही. त्याला तेवढंच हवं होतं रे.”

तिचं मला पटलं. तरी राहवलं नाही. घरी येऊन मी पाचपैकी पाच गुण दिले. इतकी जिवंत आकृती मी पाहिली नाही, असं लिहिलं. माफीही मागितली. लिहिताना रडलो.

सकाळी फळीखाली भुकटीचा ढीग होता.

फळीवर नुसती तार उभी होती. मान, कणा, हात, पाय, शेपूट. मातीचा एक कणही तिच्यावर राहिला नव्हता.

मी ती उचलली. बराच वेळ कानस चालवल्यावर होते तशी ती गरम होती.