गार्गीची निरीक्षण वही

मी थापा मारण्यात हुशार आहे, हे आमच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक आहे. पण ही थाप नाही. गार्गीची शपथ घेतली असती...

पण आता तिची शपथ घ्यायची माझी हिंमत होत नाही.

गार्गी म्हणजे माझ्या काकांची तेरा महिन्यांची मुलगी. आम्ही सगळे अकोल्यात एकाच घरात राहतो. मी अकरावीला आहे, बालविकास विषय घेतलाय. मॅडमनी प्रकल्प दिला होता. घरातल्या लहान मुलाचं आठ आठवडे निरीक्षण करा, तारखेनुसार नोंदी ठेवा.

घरातच बाळ! मी तर उड्याच मारल्या.

नवीन वही आणायचा कंटाळा आला. आरतीकाकूच्या कपाटात एक कोरी वही होती, ती न विचारता घेतली. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं होती. ते पान फाडून टाकलं.

दोन आठवडे मन लावून लिहिलं. मग गॅदरिंगच्या नाचात मला पुढच्या रांगेत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा! मग कसली निरीक्षणं... एका रविवारी बसले आणि उरलेल्या सगळ्या नोंदी पुस्तकात बघून एका दमात लिहून टाकल्या. पुढच्या तारखा टाकून.

'१२ फेब्रुवारी. आधाराशिवाय सात पावले चालली.'

बारा तारखेला गार्गी खरंच पहिल्यांदा चालली. काकू मोठ्याने मोजत होती. पाच, सहा, सात... आणि गार्गी धपकन खाली बसली.

मला हसू आलं. योगायोग.

'१६ फेब्रुवारी. तीन ठोकळ्यांचा मनोरा रचला.'

सोळाला तिने तीन ठोकळे रचले. चौथा मीच तिच्यापुढे धरला. तिने तो घेतलाच नाही.

तेव्हा मी हसले नाही.

'२० फेब्रुवारी. अनोळखी व्यक्तीला पाहून रडत नाही. हसून जवळ जाते.'

आमची गार्गी तर सिलिंडरवाला आला तरी घर डोक्यावर घ्यायची.

वीस तारीख. दुपारचे चार. काकू गच्चीवर कपडे काढायला गेली होती. खोलीत फक्त मी आणि गार्गी.

आधी ठोकळ्यांचा आवाज थांबला.

मग... कागदावर काहीतरी लिहिल्यासारखी खरखर. माझ्या हातात पेन नव्हता.

गार्गीने दाराआडच्या कोपऱ्याकडे मान वर करून पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

ती हसली. उचलून घ्या म्हणताना करते तसे दोन्ही हात वर केले आणि चालत गेली.

तिचा फ्रॉक काखेत चुरगळला. टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या...

मी झडप घालून तिला ओढलं. ती रडली नाही. माझ्या खांद्यावरून कोपऱ्याला टाटा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी भातकुलीहून काकूची आई आली, सुभद्राआजी. टेबलावरची वही पाहून ती जागीच थांबली.

"हे वही तुले कुठं सापडली वं?"

"कपाटात. कोरीच होती."

"कोरीच ठेवा लागते माय. गार्गीच्या पाचवीले सटवाईपुढं ठेवली होती. लेकराच्या नशिबात काय हाय, ते सटवाई लिवते त्याच्यात. तू काय लिवलं?"

"कॉलेजचं," मी म्हणाले.

आजीकडे चष्मा नव्हता. म्हणून शेवटची नोंद तिने वाचली नाही.

'५ मार्च. आईशिवाय राहू शकते.'

मी ती ओळ खोडली. वरून व्हाइटनर लावला. पाच मार्चला कॉलेज बुडवलं आणि दिवसभर काकूची पाठ सोडली नाही. काकू वैतागली. "काहून माह्या मांगं मांगं फिरून राहिली वं?"

काकूला काहीच झालं नाही.

संध्याकाळी तिने गार्गीला घ्यायला हात पुढे केले. गार्गीने तिच्याकडे पाहिलं... आधी सिलिंडरवाल्याकडे पाहायची, तसं.

मग कोपऱ्याकडे वळून म्हणाली, "आई."

याला महिना झाला. डॉक्टर म्हणतात, वाढ उत्तम आहे. काकू मलाच विचारते, "माह्याच्यानं काय चुकलं वं?" प्रकल्प मी दुसऱ्या वहीत उतरवून दिला. वीसपैकी एकोणीस मिळाले.

काल एक उपाय सुचला. त्याच वहीत लिहायचं, 'आईला बघून धावत जाते.' पेन घेऊन वही उघडली.

माझ्या शेवटच्या नोंदीखाली आधीच एक तारीख होती.

'१९ एप्रिल.'

पुढे काही नाही. अक्षर माझं नव्हतं. बोट लावलं, तर शाई ओली होती. मी काही न लिहिताच वही मिटली.

ती सटवाई आहे की दुसरं कोणी, मला माहीत नाही. आज दहा एप्रिल आहे. काकू बाजूच्या खोलीत गार्गीला हाका मारते आहे. गार्गी ओ देत नाही.

मी अजून काकूला काहीच सांगितलेलं नाही.