कार्डशीटची बाई

गोंदियात आर्किटेक्ट धनेंद्र सरांच्या ऑफिसात मी इंटर्नशिप घेतली ती शिकायला नाही. माझी मावसबहीण रेणू माझ्याआधी तिथंच इंटर्न होती. एका साइटवर उघड्या जिन्यावरून पडून जागीच गेली. कठड्याचा खर्च सरांनी टाळला होता, आणि पोलिसांना सांगितलं, "लडकी ही लापरवाह थी." मला खरं काय ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. आमची आडनावं वेगळी, म्हणून त्यांना पत्ता नव्हता.

रेणूची आई, अनुसयामावशी, चिडायची. "त्या मेल्याकडं काऊन जाऊन राहिली तू?"

"मावशी, तू चूप राय."

सरांनी पहिलंच काम दिलं ते स्वतःच्या बंगल्याच्या मॉडेलचं. गोरेगाव रोडवर बांधकाम चालू होतं. स्वतःच्या जिन्याला मात्र स्टीलचा मजबूत कठडा! माझं डोकंच भणकलं. तरी मी कार्डशीटचा कठडा कापला, फेविकॉलनं चिकटवला.

सकाळी कठडा नव्हता. जिन्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी कार्डशीटची बाई उभी होती. घर केवढं ते कळावं म्हणून मॉडेलात अशी माणसं ठेवतात. पण हिच्या हातात जेवणाचा डबा होता. डबेवाल्या बाया फक्त रेणू कापायची.

मी पुन्हा कठडा लावला. पुन्हा गेला. बाई अर्ध्या जिन्यावर आली. मग पार गच्चीच्या तोंडाशी, आणि शेजारी थेट सरांसारखा एक ढेरपोट्या माणूस. अंगावर काटा आला. खरं सांगते, बरंही वाटलं.

दुपारी सरांनी मॉडेल पाहिलं. "रेलिंग कहाँ है?"

"राहातच नाही, सर."

"और ये किसने रखा?" त्यांची नजर डब्यावर अडकली.

"सर, रेणू कशानं पडली?"

"अपनी गलती से." गाडीची चावी उचलून ते बंगल्याच्या साइटवरचा कठडा बघायला निघाले.

मी थांबवलं नाही. कायले थांबवू?

ऑफिसला कुलूप लावून खाली चहा पीत होते, तेव्हा साइटवरच्या बिसराम मिस्त्रीचा फोन आला.

"मॅडम, साहेब जिन्यावरून पडले. गेले जी."

"कठडा?"

"जसाच्या तसा आहे. तोच धरून उभे होते. एकदम ओरडले, 'मेरी गलती थी, रेणू!' हे रेणू कोण जी?"

मी वर आले. कुलूप उघडलं.

ढेरपोट्या तळाशी पालथा पडला होता. बाई कुठंच नव्हती.

कठडा जागेवर होता. मी बोट लावून पाहिलं.

फेविकॉल ओला होता.