तिसऱ्या बाराची वाट

एइनारकाकांच्या वर्कशॉपमध्ये शिरायचं तर बूट दारातच काढावे लागतात. आत जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला असतो, तो पायमोज्यांतून टोचतो, तरीही. त्यांच्या आईचा तसा नियम होता, आणि ती जाऊन कित्येक वर्षं झाली तरी तो मोडायची कुणाची छाती होत नाही.

मी बाबांची रायफल जुन्या रजईत गुंडाळून नेली होती. काका लेथशेजारी बसून वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होते.

"ये हेल्मी. डुलूथच्या वाचनालयानं तुला अजून हाकललं नाही वाटतं?"

"सुट्टी घेतलीय. शिकारीचा मोसम संपेपर्यंत आईकडेच आहे."

"आणि ही काय, विकायला आणलीस?"

"नाही. हिच्या काडतुसाचं माप बदलायचंय. तीस-तीसची करून द्या."

त्यांनी पाव बशीत ठेवला. "अर्व्हिड थडग्यातून उठून येईल की गं," ते म्हणाले, आणि आपण हे कुणाच्या मुलीला म्हणालो ते ध्यानात येऊन खिडकीबाहेर बघू लागले.

रायफल पंचवीस-पस्तीसची होती. बारीक गोळी, निमुळत्या मानेची पितळी पुंगळी. ही काडतुसं आता दुकानात सहसा मिळत नाहीत, म्हणून बाबा एकही रिकामी पुंगळी सोडत नसत. बार झाला, लिव्हर ओढली, पुंगळी उडून पडली, की आधी ती उचलायची, मग हरणाकडे बघायचं. त्यासाठी उजवा हातमोजा काढायचा, कारण मोज्यातल्या बोटांना बर्फातली पुंगळी लागत नाही. घरी आणून त्याच पुंगळ्या ते पुन्हा भरत. आई म्हणायची, या माणसाला हरणापेक्षा पितळ प्यारं.

आमच्याकडे जंगलात सारख्या अंतरानं तीन बार झाले तर त्याचा अर्थ एकच, मदतीला या. दोन झाले तर कुणी जागचं हलत नाही. पहिला चुकला असेल, दुसरा लागला असेल.

गेल्या वर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी बाबा सीडरच्या झाडांमधल्या दलदलीकाठी त्यांच्या नेहमीच्या ओंडक्यावर बसले होते, काका दलदलीच्या पलीकडे. सकाळी काकांनी दोन बार ऐकले. तिसरा झाला नाही. बाबा जेवायला शिकारीच्या खोपटात आले नाहीत तेव्हा काका बघायला गेले. बाबा ओंडक्यासमोर पालथे पडले होते. उजवा हात उघडा, पुढे लांबवलेला. एक पुंगळी खिशात होती. दुसरी बर्फात होती, बोटांपासून वीतभर दूर. तिसरं काडतूस रायफलीत चढवलेलं होतं.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आसपास हरणाचा माग नव्हता.

ते तिसरं काडतूस काकांनी काढून मला दिलं होतं. तेव्हापासून ते माझ्या कोटाच्या खिशात असायचं. बसले की माझी बोटं त्याच्याशी चाळा करत, आणि हल्ली मला फार वेळ बसवतही नसे.

"काका, ते दोन बार मदतीसाठी होते का?"

हा प्रश्न मी वर्षभर विचारत होते.

"हरणावर असतील."

"माग नव्हता."

"मग चुकले असतील दोन्ही."

"बाबांचे? दोन्ही?"

काकांनी रायफल रजईतून सोडवली आणि नळीत डोकावून बघितलं. "तीस-तीस कशाला पण?"

"ती काडतुसं पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात. कुणाला वाकावं लागणार नाही."

काकांनी रायफल टेबलावर आडवी ठेवली. मग म्हणाले, "ठेवून जा."

काम फार अवघड नसतं. दोन्ही काडतुसांचं बूड सारखंच असतं, त्यामुळे यंत्रणेला हात लावावा लागत नाही. नळी आतून मोठी करायची, तिच्यात गोळीला फिरकी देणारे नवे पीळ पाडायचे, काडतूस बसतं तो कप्पा नव्या मापाचा कोरायचा. ऑक्टोबरच्या मध्यावर काकांचा फोन आला. काम झालंय म्हणाले, पण आवाज झालेल्या कामाचा नव्हता.

कप्पा बरोबर कोरला गेलाय का, हे बघायला ते त्यात एक लवकर वितळणारा धातू ओततात. तो गार झाला की कप्प्याचा हुबेहूब साचा हातात येतो. सुरुवातीला किंचित आकसतो, आणि तासाभरात पुन्हा मूळ मापावर येतो. काकांनी माझ्यासमोर साचा काढला, मायक्रोमीटरनं मान मोजली. तीस-तीसची होती.

"आता कॉफी पी, आणि मग बघ."

कॉफी संपवून बघितलं. मान बारीक झाली होती. नुसत्या डोळ्यांनीसुद्धा कळत होतं. मी खिशातलं काडतूस काढून साच्याशेजारी ठेवलं. दोन्ही माना एकसारख्या होत्या.

"धातू जुना झालाय," काका म्हणाले.

"डबा तर आत्ता फोडलात."

"मग नवा धातू खराब आहे. तू वाचनालयात पुस्तकं लाव, मला धातू शिकवू नकोस."

त्यांनी साचा वितळवून पुन्हा ओतला, पुन्हा तेच झालं. पण तीस-तीसचं काडतूस कप्प्यात अगदी नीट बसत होतं.

आम्ही खडीच्या खाणीत जाऊन रायफल चालवून बघितली. काकांनी तीन काडतुसं भरली. पहिला बार झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला घोडा पडला, टक् वाजलं आणि पुढे काहीच नाही. ते काडतूस काढून त्यांनी पुन्हा पहिलं म्हणून भरलं, तर बिनतक्रार उडालं. त्याच्या मागचंही उडालं. तिसरं नाही.

त्यांनी घोड्याची स्प्रिंग बदलली, काडतुसावर आदळणारी टाचणी बदलली. एकेक काडतूस हातानं भरून बघितलं. दोन बार होत. मग टक्.

शेवटच्या वेळी चाप ओढून झाल्यावरही त्यांनी रायफल खांद्यावरून उतरवली नाही. ते कान देऊन उभे होते.

"काय ऐकताय?"

"काही नाही." मग रायफल खाली घेत, "त्या दिवशीही असाच उभा होतो. तिसरा झाला असता तर धावत गेलो असतो गं. देवाशपथ."

"माहीत आहे, काका."

"मोसमात ही नेऊ नकोस."

"नेणार आहे. बाबांच्याच ओंडक्यावर बसणार आहे."

"आईसारखी हट्टी," ते पुटपुटले. "दोन बारांत हरीण पडलं नाही तर मुकाट्यानं खोपटात ये."

पंधरा नोव्हेंबरला उजाडताना मी ओंडक्यावर जाऊन बसले. रात्री बर्फ पडून गेला होता आणि त्यावर माझ्या पावलांखेरीज काही नव्हतं. दलदलीपलीकडे काकांचा केशरी कोट ठिपक्याएवढा दिसत होता. रायफल मी भरली नव्हती. भरावीशी वाटेना. गुडघ्यांवर घेऊन नुसती बसले होते, दोन्ही हात जाड मोज्यांत, बाबांचं ते तिसरं काडतूस नेहमीसारखं कोटाच्या खिशात.

वारा नव्हता. सीडरवरून बर्फ घसरला तर तेवढाच आवाज.

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पाय हलवले. पुन्हा डावीकडे बघितलं.

मग केशरी ठिपका हलला.

काका येत होते. दलदलीतून सरळ, गोठलेल्या पाण्यावरून, पडत, उठत, पुन्हा धावत. त्यांच्या वयात कुणी तसं धावत नाही. मी उभी राहून हात हलवला, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मी आलो!" ते लांबूनच ओरडले. "आलो रे, आलो!"

जवळ येऊन ते झाडाला टेकले. श्वास मिळत नव्हता.

"काका, काय झालं?"

"बार ऐकला."

"मी नाही झाडला. रायफल रिकामी आहे. मला काहीच ऐकू आलं नाही."

"मी ऐकला."

"किती?"

"एकच." त्यांनी तोंड पुसलं. "तिसरा."

मी मोज्यासकट हात खिशावर दाबला. खिसा सपाट होता.

काकांची नजर माझ्या पाठीमागच्या, ओंडक्यासमोरच्या बर्फावर होती. मी वळले.

पुंगळी तिथे पडली होती. निमुळत्या मानेची, रिकामी. तिच्याभोवतीचा बर्फ वितळून वाटीएवढा खळगा झाला होता आणि त्यातून अजून वाफ निघत होती.

खळग्याच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, बर्फात चार बोटांचे चरे होते. उघड्या बोटांचे.