पेटीवरचा फोटो

"अगं मावशी, पडद्यावरची रेघ पुन्हा खाली आली!" भार्गवी ओरडली.

दिवाळीच्या सुट्टीत निवेदितामावशीच्या कॉलेजची प्रयोगशाळा बघायला ती शेजारच्या मंजुनाथला आणि त्याची बहीण शिवलीला हिलाही ओढून घेऊन आली होती. लेसर आतल्या खोलीत, लोखंडी पेटीत. मुलांनी बाहेर पडद्यासमोर बसायचं!

"पेटीत चुंबक आहे, पण जगावेगळा," मावशी म्हणाली. "टाचणीसुद्धा ओढत नाही! त्यातल्या इलेक्ट्रॉनांची स्पिन, म्हणजे फिरकी, निम्मी वर, निम्मी खाली. लेसर पडला की ती कलायला हवी. कलली, तरच रेघ चढते. किती वर्षं वाट पाहिली! दसऱ्यापासून चढतेय. आज शोधनिबंध छापायला पाठवणार."

"पण झाकण उघडलं की उतरते!" भार्गवी म्हणाली.

"खोलीतला उजेड शिरतो," विभागप्रमुख राजशेखर सरांनी निकाल दिला.

"मग दिवे घालवून बघा की!" मंजुनाथ म्हणाला.

मावशीने गॉगल चढवला, अंधार केला, झाकण उचललं. रेघ उतरलीच!

"मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका!" सर गुरगुरले. सरांना शंका आवडत, फक्त स्वतःच्या.

शिवलीला दाराच्या काचेतून पेटीकडे बघत होती. झाकणावर सिद्धरामेश्वरांचा फोटो, त्याला हळदकुंकू. "सर, हा कधी लावला?"

"खंडेनवमीला! यंत्राची पूजा नको? नव्या पेठेतून आणलाय. मीच चिकटवला."

"असलाच आमच्या फ्रिजवर हाय," मंजुनाथ कुजबुजला. "मागं चुंबक असतो की!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण फोटो काढा म्हटलं तर सर ऐकतील? मंजुनाथने तोंड एवढंसं केलं.

"सर, सहामाहीत गणितानं लई घात केलाय. देवाच्या पाया पडू द्या की!"

सर विरघळले. गॉगल लावून आत गेले आणि फोटो घेऊन आले. झाकण बंदच होतं. तरी रेघ धाडकन खाली!

मावशी उठून उभी राहिली. "सर, तो परत लावा."

लावला. रेघ वर!

रेघ चढवत होता तो फोटोमागचा चुंबक; झाकण उचललं की तोही दूर जायचा. फिरकी लेसरने कललीच नव्हती.

"माझ्या ध्यानातच आलं नाही," सर खाली बघत म्हणाले. मग त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! आम्हाला जमलं नाही ते तुम्ही शोधलंत."

"खोटं छापून आलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती," मावशीही म्हणाली. "शाब्बास रे!" पण तिचा आवाज चिरकला.

भार्गवीला रडू आलं. जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे तिला ठाऊकच नव्हतं. "मावशी, आम्ही यायलाच नको होतं का गं?"

"वेडी आहेस. बरं झालं आलात." मावशीने निबंध पुसून टाकला आणि रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. "पण दसऱ्यापासून फार सुखात होते गं मी."