तेरावा पोंचो

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट खरी आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी खरी. आता सातबाऱ्यात कुणी कुणाचं नाव घुसडलेलं असतं ते तुमच्या वडलांना विचारा, पण ते असू दे. मी सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे चष्मा उशाला होता, डोळ्यांवर नव्हता. पण चांदणं असं पडलेलं की चष्मा हवा कुणाला? हसू नका. शिवांजली, त्या शेंगांची टरफलं शेकोटीत टाक. साईराज, तो मोबाइल बंद कर बाबा, उजेड डोळ्यांत जातो.

गोष्ट माझी नाही, सयाजीची. मघाशी तुमच्या तंबूच्या खुंट्या ठोकून गेला ना, एक शब्द न बोलता, तोच. सतरा वर्षं मिलिटरीत काढली त्यानं. डाव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून आलाय.

गेल्या वर्षीची बारा जानेवारी. रविवार. तारीख पक्की, कारण दुसऱ्या दिवशी भोगी होती आणि त्याच दिवशी पौष पौर्णिमा. तळ्यावर रोहित पक्षी बघायला साताऱ्या-पुण्याची माणसं येतात आणि अंधार पडला की राहायला जागा नाही म्हणून वडूजला पळतात. सयाजीचं हे माळरान काठालाच लागून. आम्ही दोघांनी ठरवलं, इथं तंबू टाकायचे. संक्रांतीला पहिली माणसं येणार होती. मी म्हटलं, ऑनलाइन मागवू, रंगीत, झकास. सयाजी म्हणाला, "त्ये वाऱ्यात छत्रीवानी उलटत्यात. सांगलीला जा. मिलिटरीच्या जुन्या मालाचं गोडाऊन हाय. पोंचो आण. बारा."

"पोंचो म्हणजे रेनकोटच की रं?"

"बारा," तो म्हणाला. झालं बोलणं.

निघताना त्याची बायको, बनुबाई, जीपपाशी आली. हातात डबा. डबा दिला, पण दार सोडेना.

"भावजी, आज तुमी दोघं माळावरच झोपणार न्हवं?"

"व्हय. तंबू गळतोय का बघायचं."

"मग त्यास्नी झोपवा एवढी एक रात. सोळा वर्सं झाली. दोन वाजलं की उठत्यात, अंगणात जाऊन बसत्यात. कोंबडं आरवलं की आत येत्यात. इचारलं तर म्हणत्यात, माझी पाळी हाय. डाक्टर म्हणतोय, असंच चाललं तर काळीज धरायचं न्हाई आता."

मी म्हटलं, "वहिनी, मी घोरायला लागलो की शेजारचा माणूस एकतर झोपतो नाहीतर गाव सोडतो." ती हसली नाही.

सांगलीला गोडाऊनवाला रायगोंडा म्हणून. मोठा गोड माणूस. कपाट उघडलं तर रबराचा आणि शंखजिऱ्याचा वास नाकात बसला. हिरवे, जाड पोंचो, मधोमध डोकं घालायची टोपी, कडेला पितळेची टिचबटणं. बारा मोजले. रायगोंडानं आणखी एक वर टाकला. "घ्या ओ मामा, ह्यो तुमाला भेट. कवापासून पडलाय, कुणी न्हेत न्हाई."

फुकट ते पौष्टिक. घेतला.

माळावर आलो तेव्हा चार वाजले होते. सयाजीनं गठ्ठा उतरवला, बोट लावून मोजला. परत मोजला.

"तेरा कसं?"

"एक वर दिला त्यानं. तेरा तंबू होतील!"

"सहा हुत्यात," तो म्हणाला. "बाराचं सहा. त्यो तेरावा नगं हुता."

मग त्यानं दाखवलं. दोन पोंचो जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. कडेला कड लावली आणि टिचबटणं लावत गेला. टक्. टक्. टक्. दोन्ही टोप्या पिळून सुतळीनं बांधल्या, पाणी आत येऊ नये म्हणून. दोन काठ्या, मधे दोरी, कोपऱ्यांना खुंट्या, भोवतीनं टीचभर चर. वाऱ्याकडं पाठ, तळ्याकडं तोंड. दहा मिनिटांत तंबू उभा.

"एका जवानाकडं निम्मा, दुसऱ्याकडं निम्मा," तो म्हणाला. "जोडीदार असंल तरच घर हुतंय."

"मग ह्या तेराव्याचं काय?"

"जीपमदी टाक."

मी तो कसाबसा बोळा करून मागच्या सीटवर कोंबला. जीपला कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला. ही सवय मला पहिल्यापासून, बायको खिसे तपासते म्हणून.

पाचव्या तंबूच्या खुंट्या ठोकताना सयाजी बोलायला लागला. मी काही विचारलं नव्हतं. हातोडा थांबला नाही, आवाज वर गेला नाही. माणूस कुणाला पत्ता सांगतो ना, तसं.

"वीरधवल म्हणून हुता. कुंडलचा. गस्तीवर गेलतो. हवा फिरली, माघारी येता येईना. त्याचा पोंचो, माझा पोंचो, जोडलं. दोघांनी झोपायचं न्हाई, दोघं झोपली की बर्फ गाडतंय. दोन-दोन तासांची पाळी. एकानं तंबूच्या तोंडाशी बसायचं. दोन वाजता त्यानं मला उठवायचं हुतं. मला ताप हुता. त्यानं उठवलं न्हाई."

ठक्. ठक्. खुंटी आत गेली.

"जाग आली तवा उजाडलं हुतं. त्यो बसलेलाच. पाठ दिसत हुती. हाक मारली. दोनदा."

मी पुढची खुंटी त्याच्या हातात दिली.

"मी दवाखान्यात हुतो. त्याच्या तेराव्यालासुदीक पोचलो न्हाई. ती दोरी धर."

मी दोरी धरली. त्याच्या तोंडाकडं पाहिलं. काही नव्हतं तिथं. राग नाही, रडू नाही. निखाऱ्यावर हात ठेवला तरी 'भाजतंय' म्हणेल असं वाटेना.

जेवलो. तो पाण्याजवळच्या तंबूत गेला, मी शेजारच्या. मधे वीस पावलं. अकराला मी पडलो. आता खरं सांगायचं तर बनुबाईला दिलेला शब्द माझ्या लक्षात होता. दोनला तो उठला की आपणही उठायचं, तंबाखू मळून द्यायची, गप्पा मारून आत पाठवायचा. मोबाइलला पावणेदोनचा गजर लावला होता.

गजर झाला नाही. थंडीनं मोबाइल बंद पडलेला.

मला जाग आली ती आवाजानं.

टक्.

वाटलं, दोरी ताणली असेल.

टक्… टक्.

टिचबटण. उघडतंय का लागतंय, कळेना. मी तंबूचं तोंड बोटभर सरकवलं. चांदणं दुधासारखं. तळं गप्प. एक पक्षी हलत नव्हता.

सयाजीच्या तंबूच्या तोंडाशी तो बसला होता. अंगावर पोंचो. टोपी डोक्यावर ओढलेली. माझ्याकडं पाठ.

मनात म्हटलं, बसला गडी पाळीला. वहिनीचं काम राहिलं.

"सयाजी," मी म्हटलं. "लेका, जा की आत. मी बसतो."

काही नाही.

"सयाजी…"

काही नाही.

मी बाहेर पाऊल टाकलं. गवत ओलंगार. दहिवर असं पडलेलं की पाय घोट्यापर्यंत भिजला. दुसरं पाऊल टाकलं. तिसरं.

आणि घोरणं ऐकू आलं.

तंबूच्या आतून.

खालच्या पट्टीतलं, दमलेल्या माणसाचं. सयाजीचं.

मी थांबलो. थांबलो म्हणजे… पाय थांबले. भीती वाटली का? नाही. तेच सांगतोय. भीती वाटायला आत कुणीतरी जागं लागतं. माझं सगळं बधिर. हात. जीभ. कान तेवढे चालू.

आत घोरणं.

बाहेर तो.

बारा पोंचोंचे सहा तंबू. सगळे उभे. मग ह्याच्या अंगावर…

मी जीपकडं पाहिलं. काचा बंद. किल्ली पोटाला गार लागत होती.

तो हलला नाही. मान वळवली नाही. फक्त म्हणाला, हळू, कुंडलकडच्या बोलीत…

"झोपू दे त्येला."

एवढंच.

मी किती वेळ उभा होतो, माहीत नाही. परत तंबूत कसा आलो, तेही नाही.

डोळे उघडले तर ऊन आलेलं. साडेसात. बनुबाई भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी घेऊन आली होती. सयाजीच्या तंबूसमोर खाली बसलेली. आत तो झोपलेला, तोंड उघडं, लहान पोरासारखा. ती त्याला उठवत नव्हती. पदर तोंडाला लावून नुसती बघत होती.

थोड्या वेळानं तो उठला. उन्हाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. आणि म्हणाला,

"मला उठवलं का न्हाई?"

मी उठलो, जीपकडं गेलो. करगोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं.

मागच्या सीटवर तेरावा पोंचो. मी बोळा करून कोंबलेला. आता तो घडी घातलेला होता. घट्ट, चौकोनी, टोपी आत, सुतळीची गाठ वर. आणि ओला. वरून दहिवराचे थेंब सीटवर गळत होते. बंद जीपमध्ये.

सयाजी आला. गाठीवरून अंगठा फिरवला. पोंचो सोडला, झटकला आणि बाभळीवर वाळत घातला.

मग मला विचारलं, "कोण हुतं? काय म्हणला?"

मी सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच. तो ऐकून गेला आणि भाकरी खायला बसला. त्या दिवसापासून झोपतो. एक वर्ष झालं. दोन वाजता उठत नाही. बनुबाईनं संक्रांतीला माझ्या बायकोला सुगडाबरोबर लुगडं दिलं, ते कशासाठी हे बायकोला अजून कळलेलं नाही.

काय शिवांजली? कुठला भाग खोटा? विचारणारच तू. साईराज म्हणेल, काकांनीच पहाटे पोंचो पाण्यात बुडवून आणला. गावातही तेच म्हणतात. म्हणू देत. पण मला आजही ती घडी घालता येत नाही. सयाजीनं चारदा शिकवली.

नाही, पोंचो खरा. घडी खरी. बसलेला माणूस खरा.

त्याचं बोलणं मी घातलं.

तो बोललाच नाही, पोरांनो. मी दोनदा हाक मारली आणि तो नुसता बसून राहिला. तळ्याकडं तोंड करून. उजाडेपर्यंत असेल, नसेल. सकाळी सयाजीनं विचारलं, काय म्हणला, तेव्हा त्याच्या तोंडावर सोळा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी होतं. मला 'काही नाही' म्हणवेना. जे मनात आले ते तीन शब्द पुढं केले.

तेवढ्यावर झोपतोय तो.

हळू बोला. पलीकडच्या तंबूत आहे.