बिनकोळशाचा डबा

मोबाईल ठिव बे सत्यम, मग सांगतो. ऐकीव न्हाई ही गोष्ट. आपल्या सिदूसोबत घडलेली हाय, अन् सिदूला थाप मारायची अक्कलच न्हाई.

गेल्या येळवशीची, मार्गशीर्षातल्या अवसेची रात. दिवसभर शेतात जेवणं झालेली. शिवगंगावहिनींनी सिदूला डबे दिले, "फाटकावर काकाला देऊन ये." काका म्हंजे वहिनींचा नवरा गुंडप्पा, परळीच्या अलीकडचा रेल्वेचा फाटकवाला. लाईन निजामाच्या काळातली, आता थर्मलचा कोळसा वाहते. त्यांचा लेक केदारनाथ तिथंच मालगाडीवर गार्ड होता. गाडी जाताना बापानं फाटकातून हिरवा दिवा दाखवायचा, लेकानं शेवटच्या डब्यातून. भेट तेवढीच. येळवशीला गाडी सिग्नलला थांबली, की बाप आंबिलीचा डबा वर द्यायचा. अन् त्या साली श्रावणात तेलगावच्या रस्त्यावर केदार मोटारसायकलवरून पडून गेला. काळीज फाटतं बे, आजबी.

डबे दोन होते. रातीचं अन्न बाहेर न्यायचं, तर भुतानं शिवू नये म्हणून फडक्यात कोळशाचा खडा बांधतात. एका फडक्यात होता, दुसऱ्यात न्हाई.

"काकू, ह्याच्यात खडा ऱ्हायला की!"

"ऱ्हाऊ दे. खडा ठेवला तर माझा केदार खाईल कसा?"

सिदूनं दोन्ही डबे उचलले अन् निघाला.

फाटक पडलं. मालगाडी आली. गुंडप्पा हिरवा दिवा घेऊन उभा. आता त्या गाडीला गार्ड नसतो. शेवटच्या वॅगनला नुसता लाल दिवा लुकलुकतो.

गाडी थांबली.

गुंडप्पानं बिनखड्याचा डबा रुळाकडेच्या दगडावर ठेवला. "आंबील हाय बाबा…"

काय न्हाई. नुसतं वारं.

मग लाल दिव्याच्या मागं… हिरवा उजेड. वर गेला. खाली आला…

सिदूनं डोळे गच्च मिटले.

"आलास का रं…" गुंडप्पा हुंदके देत होता.

गाडी हलली. उजेड लांब लांब गेला. डबा दगडावरच होता. फडक्याची गाठ तशीच. पण उचलला तर हलका… अन् आत कायतरी खडखडलं.

सिदूनं तसाच घरी आणला. वहिनी रडता रडता हसल्या. "खाल्लं माझ्या लेकरानं! आपल्यात रिकामा डबा परत देत न्हाईत. बघू, काय दिलंय?"

झाकण काढलं.

डबा लख्ख धुतलेला. आत कोळशाचा एक खडा.

 वहिनींनी डबा उराशी धरला.

"खडा ठेवते बाबा," म्हणल्या. "पुढच्या टायमाला ठेवते… जा तू सुखानं."